फेब्रुवारीचे तीनशे रुपये

महाराष्ट्रात पगारदार नोकरी करत असाल तर सॅलरी स्लिप उघडून कपातीचा रकाना बघा. पीएफ, टीडीएस आणि त्याच्या आसपास कुठेतरी 'पीटी' असं लिहिलेलं सापडेल. पगार दहा हजारांच्या वर असेल तर महिन्याला दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. (महिलांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत सूट आहे.) अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून वर्षाचे २,५०० होतात. फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का, याचं उत्तर एवढंच की राज्यघटनेच्या कलम २७६ ने या कराला वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा घातली आहे आणि तो आकडा बाराने नीट भागला जात नाही.

माझ्या टीममध्ये मी एकदा विचारलं होतं, हा कर कशाचा? एकाला वाटलं महापालिकेचा. एक जण म्हणाला, 'पार्किंग टॅक्स असेल.' हा व्यवसाय कर आहे, आणि त्याचा जन्म दुष्काळातून झाला आहे. १९७५ साली महाराष्ट्राने तो लावला तेव्हा कारण स्पष्ट सांगितलं होतं: गावात काम मागणाऱ्या माणसाला काम देता यावं, त्यासाठी पैसा हवा. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या पगारातून कापलेले पैसे मराठवाड्यातल्या पाझर तलावाच्या भरावावर जायचे होते. माझं गाव त्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून मला या दोनशे रुपयांचं जरा जास्त कुतूहल.

गाव राजूर, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. टेकडीवरच्या राजुरेश्वर गणपतीमुळे तुम्ही नाव ऐकलं असेल. अंगारकीला इथे पाय ठेवायला जागा नसते. १९७२ साली जालना जिल्हाच नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. तेव्हा आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो.

बहात्तरचा दुष्काळ आमच्याकडे अजून कालगणनेसारखा वापरतात. कोणाचं लग्न बहात्तरच्या आधीचं, कोणाचा जन्म बहात्तरच्या नंतरचा. खरं तर पाऊस १९७० पासूनच दगा देत होता. १९७२ ला तो जवळजवळ आलाच नाही. माझी आजी खडी फोडायला जायची. ती सांगते, "तुझ्या बापाला झोळीत टांगायचं आन् हातोडा घ्यायचा. मुकादमानं मस्टरवर नाव घेतलं की जीव भांड्यात पडायचा." खायला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी. मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की आजही तिचं तोंड वाकडं होतं.

मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. पन्नास लाख माणसं एकाच वेळी माती वाहतायत, दगड फोडतायत, रस्ते करतायत. त्या दुष्काळात हालअपेष्टा प्रचंड झाल्या, जनावरं मेली, घरं उठली; पण आधीच्या शतकातल्या दुष्काळांत जशी माणसं लाखांनी मेली तशी मेली नाहीत. जगभरातले दुष्काळाचे अभ्यासक अजूनही या उदाहरणाकडे वळतात. धान्य राज्यात कमीच होतं. पण लोकांच्या हातात मजुरी पडत होती आणि मजुरी मिळाली नाही तर मोर्चे निघत होते.

या कामांची एक अडचण मात्र होती, आणि पुढचं सगळं तिच्यातून आलं. दुष्काळी काम सुरू व्हायचं तर आधी सरकारने 'दुष्काळ आहे' असं म्हणायला हवं. त्यासाठी आणेवारी. तलाठी-तहसीलदारांनी पिकाचा अंदाज काढायचा, तो पन्नास पैशांच्या खाली आला तर टंचाई. म्हणजे तुमच्या घरात चूल पेटत नाहीये हे तुम्हाला माहीत असलं तरी पुरेसं नाही. ते कागदावर उतरलं पाहिजे. आकडा कोणाच्या हातात, तर ज्याला नंतर खर्च करावा लागणार आहे त्याच्याच. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर अलर्ट वाजवायचा की नाही हे ज्याची झोप मोडणार आहे त्यानेच ठरवायचं.

वि. स. पागे यांनी नेमकी ही कडी काढून टाकली. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. मूळचे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. साठच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी तिथेच एक छोटा प्रयोग केला आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे कल्पना मांडली: मागेल त्याला काम. दुष्काळ जाहीर होण्याची वाट बघायची नाही, आणेवारी विचारायची नाही. जो अंगमेहनतीचं काम मागायला येतो, त्याला काम द्यायचं. कडक उन्हात माती वाहायला कोणी हौसेने येत नाही, त्यामुळे गरज आहे की नाही हे मागणाऱ्याच्या येण्यावरूनच कळतं. इतका साधा आणि इतका विश्वास टाकणारा विचार सरकारी योजनेत क्वचित दिसतो.

१९७२ मध्ये योजना जाहीर झाली, दुष्काळाच्या महापुरात मागे पडली, १९७४ पासून पुन्हा उभी राहिली. १९७५ ला व्यवसाय कर आला. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी कायदा एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यात एक कलम होतं ज्याची किंमत त्यातल्या रकमेवरून करू नये: मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता. रोज एक रुपया. एका रुपयात तेव्हाही पोट भरत नव्हतं. पण तो देणं म्हणजे 'आम्ही काम देऊ शकलो नाही' अशी सरकारची लेखी कबुली.

पैशाची रचनाही कायद्यात बांधलेली होती. व्यवसाय करासोबत मोटार वाहनांवर जादा कर, विक्रीकरावर जादा कर, बागायती जमिनीवर विशेष आकारणी, शहरातल्या बिगरनिवासी मालमत्तेवर कर. हे सगळं रोजगार हमी निधीत जायचं आणि जेवढं जमा होईल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. व्यवसाय कराचा मोठा वाटा अर्थातच मुंबईतून यायचा. शहरांनी हे का मान्य केलं, याचं एक कमी उदात्त उत्तरही आहे. बहात्तरला माणसांचे लोंढे मुंबईच्या फुटपाथवर पोचले होते. गावात काम मिळालं तर ते येणार नाहीत, हा हिशेब त्यामागे होता. बड्या शेतकऱ्यांनाही आपल्या शेताजवळ फुकट तलाव आणि रस्ते होणार असतील तर का नको होते? माझी याबद्दल काही तक्रार नाही. स्वार्थ जुळून आला म्हणून चांगला कायदा झाला, तर तो चांगलाच कायदा.

इथे शंभर वर्षं मागे जायला हवं, कारण दुष्काळाच्या नावाने कर घेण्याची कल्पना पागेंच्या आधीची आहे आणि तिचा पहिला अनुभव फार वाईट होता.

१८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. राजूर तेव्हा निजामाच्या राज्यात. पुणे, नगर, सोलापूर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. दुष्काळाच्या पाहणीसाठी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामांवरची मजुरी उतरवून दिवसाला जेमतेम एक पौंड धान्याच्या आसपास आणली. इतक्यात माणूस जगतो, असा त्यांचा दावा. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्याविरुद्ध चक्क संप केला: भुकेने मरायला टेकलेली माणसं काम सोडून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांच्या मंडळींनी, गावोगाव माणसं नेमून प्रत्यक्ष स्थितीचे अहवाल गोळा केले आणि सरकारला पाठवले. सरकारच्या आकड्यांना उत्तर म्हणून लोकांनी स्वतः आकडे जमवण्याचं हे आपल्याकडचं फार जुनं उदाहरण आहे.

दुष्काळ सरल्यावर व्हाइसरॉय लिटन यांच्या सरकारने 'दुष्काळ विमा' नावाची तरतूद जाहीर केली. वर्षाला दीड कोटी रुपये बाजूला काढायचे, पुढच्या दुष्काळासाठी. त्यासाठी १८७८ मध्ये व्यापार-धंद्यांवर लायसन्स टॅक्स बसवला आणि काही प्रांतांत जमिनीवर जादा पट्टी. दोन गोष्टी लोकांना झोंबल्या. एक, छोट्या दुकानदाराला कर. पण गलेलठ्ठ पगाराचे सरकारी अधिकारी आणि वकील-डॉक्टर त्यातून सुटलेले. पगारदार वर्ग कराच्या जाळ्यात आला तो १८८६ च्या प्राप्तिकर कायद्याने. सुरतेत या लायसन्स टॅक्सवरून दंगा झाला. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. हा पैसा फक्त दुष्काळासाठी, असं वचन दिलेलं असताना वर्षभरात दुसरं अफगाण युद्ध सुरू झालं आणि ती शिल्लक त्या खर्चात गेली. पुढे कित्येक वर्षं वर्तमानपत्रं आणि नंतर काँग्रेसची अधिवेशनं विचारत राहिली की दुष्काळाचे पैसे कुठे आहेत.

त्यात आणि १९७५ मध्ये फरक काय? लिटन यांच्या निधीला नाव होतं, पण त्यावर हक्क सांगणारा कोणी नव्हता. दुष्काळात सापडलेला माणूस कचेरीत जाऊन 'माझ्या नावाने घेतलेला कर, त्यातून मला काम दे' असं म्हणू शकत नव्हता. पागेंच्या योजनेत तो म्हणू शकत होता. कर देणारा एका टोकाला, मागणारा दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या सरकारवर पंधरा दिवसांची मुदत. माझ्या मते रोजगार हमीचा खरा शोध हा आहे, आणि गेल्या चाळीस वर्षांत हळूहळू सैल होत गेलं तेही नेमकं हेच.

कसं सैल झालं? आधी मजुरीकडे बघा. १९८८ मध्ये रोजगार हमीची मजुरी जवळपास दुप्पट झाली, किमान वेतनाशी जोडली गेली. मजुरांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यानंतर कामावरची हजेरी घसरली. गरज कमी झाली नव्हती. कामं काढण्याचा उत्साह कमी झाला होता. मागणी नोंदवूनच घेतली नाही तर पंधरा दिवस कधी सुरूच होत नाहीत. तारखेची पोच नसेल तर बेकारी भत्त्याचा प्रश्नच येत नाही. कायद्याचं एक अक्षरही न बदलता हमी पातळ करता येते, ती अशी.

दुसरीकडे कर मात्र पगारातून न चुकता कापला जात होता. अनेक वर्षं या करांतून जमा होणारी रक्कम कामांवरच्या खर्चाहून जास्त राहिली. भारताच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, गोळा झालेला कर वेळेवर आणि पूर्ण निधीत वळवला जात नाही यावर बोट ठेवलं. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा महाराष्ट्राच्याच अनुभवावर उभा राहिला. त्यानंतर पहिल्या शंभर दिवसांच्या मजुरीचा भार केंद्राकडे गेला आणि त्यापुढच्या दिवसांचा राज्याकडे राहिला. व्यवसाय कर आहे तिथेच आहे.

आणि तो कसा आहे? घटनेतली मर्यादा मुळात वर्षाला २५० रुपये होती. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० केली. तेव्हापासून ती हललेली नाही. वित्त आयोगांनी वाढवा म्हणून सांगितलं तरी. आमच्या ऑफिसच्या गेटवरचा सिक्युरिटी गार्ड महिन्याला पंधरा हजार कमावत असेल असं धरा. तो वर्षाला २,५०० भरतो, म्हणजे कमाईच्या सुमारे १.४ टक्के. पंधरा लाखांचं पॅकेज असलेला इंजिनिअरही २,५०० च भरतो: ०.१७ टक्के. पन्नास लाखवाला ०.०५ टक्के. ज्या कराची कल्पनाच 'ज्याचं बरं चाललंय त्याने ज्याचं आभाळ फाटलंय त्याला द्यावं' अशी होती, तो आज गार्डवर माझ्यापेक्षा आठपट जड आहे. लायसन्स टॅक्सच्या वेळची तक्रार वेगळ्या कपड्यात परत आली आहे. फक्त या वेळी सुटलेला पगारदार म्हणजे मी.

आता हवामानाकडे वळतो. बहात्तरचा दुष्काळ जागतिक तापमानवाढीने आणला असं कोणी म्हणत नाही. पण पुढचं चित्र वेगळं आहे. १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली: शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात झाडं, मजुरी आणि रोपांचा खर्च सरकारचा. मराठवाड्यात मोसंबीच्या बागा पसरल्या. जालन्याच्या मोसंबीला आता भौगोलिक मानांकन आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात त्यातल्या कितीतरी बागा उभ्या वाळल्या. लोकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला आणि शेवटी कुऱ्हाड लावली. झाड पाच-सहा वर्षं सांभाळल्यावर फळ देतं. ते एका उन्हाळ्यात जातं. २०१४ आणि २०१५ ला पुन्हा दुष्काळ. २०१५ च्या पावसाळ्यात तर परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, पाणी नव्हतं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात इतका पाऊस झाला की उभी पिकं आणि खालची मातीही वाहून गेली.

या प्रत्येक टप्प्यावर कर आले. १ ऑक्टोबर २०१५ पासून राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार लावला; दारू, सिगारेट, सोन्यावरही करवाढ केली. कारण दुष्काळ, उद्दिष्ट १,६०० कोटी. २०१६ ला पाऊस चांगला झाला. अधिभार राहिला आणि २०१७ मध्ये पेट्रोलवर आणखी वाढला. इंधनावर कर असावा याला माझा विरोध नाही. गाडी जाळणाऱ्याने धुराची किंमत द्यावी हे मला पटतं. पण राजूरला पंपावर डिझेल भरणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने दुष्काळाच्या नावाने तो का आणि कुठवर द्यायचा, हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

केंद्राचं उदाहरण याहून मोठं आहे. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर आला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. कल्पना उत्तम: कोळसा प्रदूषण करतो, त्यावर कर घ्या, त्यातून स्वच्छ ऊर्जेला पैसा द्या. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमले. त्यातले स्वच्छ ऊर्जेच्या निधीत पोचले सुमारे २९,६४५ कोटी. मग जीएसटी आला आणि या उपकराचं रूपांतर राज्यांना द्यायच्या भरपाईच्या उपकरात झालं. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत सळ्या बनवायला जी वीज लागते तिच्यामागे हा कोळसा आहे. म्हणजे कराचा भार इथेही पोचला. पण त्या ८६ हजार कोटींवर 'माझे' म्हणणारा एकही माणूस देशात नव्हता. राजस्थानच्या सोलर पॅनलला मोर्चा काढता येत नाही.

जगाच्या पातळीवरही गोष्ट तीच. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला कबूल केलं की २०२० पर्यंत वर्षाला शंभर अब्ज डॉलर गरीब देशांना देऊ. ते दोन वर्षं उशिरा, २०२२ ला गाठलं, आणि त्यातलाही मोठा भाग कर्ज. २०२२ च्या शर्म अल-शेखच्या परिषदेत 'हानी आणि नुकसान' निधी ठरला. त्याच्या दारातही भोकरदन तालुक्यातली बाई जाऊन 'माझी बाग गेली, पंधरा दिवसांत सांगा' असं म्हणू शकत नाही. तिला म्हणता येईल अशी एकच खिडकी आपल्याकडे कधीतरी बांधली गेली होती, ती ग्रामपंचायतीत.

त्या खिडकीचीही आता फेरबांधणी चालू आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभरचे सव्वाशे केले. पण महाराष्ट्रासारख्या राज्यांनी खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी ज्यासाठी व्यवसाय कर लावला, तो खर्च पुन्हा राज्याच्या अंगावर येतोय. पैसा नाही, असं कोणी म्हणालं तर तो कुठे जमा होतो हे विचारण्याची ही बरी वेळ आहे.

मी माहिती अधिकाराचा अर्ज तयार केला आहे. महाराष्ट्रात या अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पाल्हाळ लावता येत नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावायचं आणि उत्तराची तीस दिवस वाट बघायची. प्रश्न तीन आहेत. गेल्या दहा वर्षांत वर्षनिहाय व्यवसाय कर किती जमा झाला. त्यातला रोजगार हमी निधीत कोणत्या तारखेला किती वळवला. आणि भोकरदन तालुक्यात याच काळात कामाची मागणी किती जणांनी केली, त्यातल्या किती जणांना तारखेची पोच मिळाली आणि बेकारी भत्ता किती जणांना. तिसरा प्रश्न आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पोच मागितल्यावर देत्यात व्हय? आमच्या टायमाला तर मुकादम नावच इचारायचा."